घरदुरुस्तीच्या ढिगातली ओळ

"एक डोळा मीट. मिटलास? आता फळी नाकासमोर धर आणि कडेवरून नजर सोड, उतारावरून पाणी सोडतात तशी. जिथं अडेल तिथं उंचवटा. हात नको लावू, हात फसतो."

अप्पांचा हा आवाज तिला भर दुपारी ऑफिसात ऐकू आला, आणि तोही इतका जवळून, की तिने मान वळवून पाहिलं. मागे पाण्याचं यंत्र होतं, कुंडीतलं एक दमलेलं झाड होतं, आणि माणूस कोणी नव्हतं. वडील या वेळी घरी असणार, गॅलरीत, आपल्या स्टुलावर. तिच्यासमोर पडद्यावर एक ओळ होती आणि त्या ओळीनेच तो आवाज ओढून आणला होता: दाराची सरळ चौकट मधेच वाकडी दिसते काय करावे. प्रश्नचिन्ह नाही, पूर्णविराम नाही. लोक यंत्राला विचारतात तेव्हा अनवाणीच येतात, हे तिला इतक्या वर्षांत माहीत झालं होतं. ओळ कोणाची, बाईची की पुरुषाची, कळायची सोय नव्हती; नावगाव गाळूनच त्या ओळी त्यांच्याकडे यायच्या. काल तिनेच ही ओळ उचलून ‘घरदुरुस्ती’च्या ढिगात टाकली होती. आज ते ढीग कायमचे बाजूला सारायचे होते, आणि त्याआधी एकदा वरवर बघून घ्यावं, एवढंच तिच्या मनात होतं. भांडी घासायला टाकण्याआधी तळाशी काही राहिलं नाही ना, हे बाईमाणूस बघतंच, तसं.

तिचं काम सांगायला अवघड आणि करायला सोपं होतं. लोक इंटरनेटवर काय विचारतात ते निवडायचं, तांदूळ निवडावेत तसं. शेजारच्या मास्तरीणबाई म्हणायच्या, "म्हणजे तू लोकांच्या मनातलं ऐकतेस, आणि वर पगार घेतेस! बरं आहे बाई तुझं." ती नुसती हसायची. मनातलं कसलं? मनातलं लोक देवालासुद्धा धड सांगत नाहीत. यंत्राला ते अडलंय तेवढंच सांगतात. या खेपेचा विषय होता डोळ्याच्या आतले फोटो काढणाऱ्या तपासण्या: बुबुळामागचा पडदा, त्याचे थर, त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या. या तपासण्या असतात हे लोकांना ठाऊक आहे का, हे त्यांच्या विचारण्यावरून ओळखायचं. डोळा, नजर, दिसणं असले शब्द असलेल्या सगळ्या ओळी आधी एका जागी यायच्या आणि मग त्यातून ती तपासणीचं नाव असलेल्या ओळी वेचायची. पडद्याचा स्कॅन दुखतो का. स्कॅनला उपाशीपोटी जायचं का. थेंब घातल्यावर गाडी चालवता येते का. एकाने विचारलं होतं, डोळ्याचा फोटो काढताना हसायचं का, आणि त्यावर अख्खं ऑफिस दिवसभर हसलं होतं. तिला मात्र तो माणूस आवडला होता. घाबरलेलं माणूसच असं विचारतं. या ओळी वर्षागणिक वाढत होत्या, आलेख जिन्यासारखा वर चढत होता, आणि विभाग सांभाळणाऱ्या मॅडमनी अहवालात ‘जागरूकता वाढते आहे’ हे वाक्य ठसठशीत अक्षरांत घातलं होतं. वरून कौतुकही आलं होतं. उरलेल्या ओळींच्या ढिगांनाही नावं होती, कारण मॅडमना बेनाव ढीग खपत नसे. घरदुरुस्ती. फरशीकाम. चष्म्याची दुकानं. कविता. डोळे म्हटलं की कविता निघतातच, त्याला कोण काय करणार.

ती ओळ तिने परत वाचली. मग फरशीकामाचा ढीग उघडला, उगाचच, हाताला चाळा म्हणून. फरशीच्या रेघा लाटांसारख्या का दिसतात. खिडकीच्या गजाला मधे पोट आल्यासारखं वाटतं. पोट. या शब्दावर तिची नजर अडली. कारण पोट हा शब्द तिने अलीकडेच ऐकला होता, चहाचा कप पुढ्यात घेऊन बसलेल्या अप्पांच्या तोंडून. "त्या बयेच्या दाराला पोट आलंय," ते म्हणाले होते. "लाकूड दमट होतं. मी सांगितलं होतं, ऐकतंय कोण."

ती बया म्हणजे मास्तरीणबाई. त्यांच्या स्वयंपाकघराचं दार घासायला लागलं म्हणून त्यांनी मोठ्या विश्वासाने ते काढून अप्पांकडे दिलं होतं. अप्पांनी सुतारकाम सोडून बरीच वर्षं झाली होती, पण जिन्यातल्या जिन्यात कोणी बोलावलं तर रंधा घेऊन जायचे. आई गेल्यापासून तर बोलावण्याची वाटच बघायचे. दार गॅलरीत आडवं घातलं गेलं. अप्पांनी गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून, कडेवरून नजर सोडली आणि म्हणाले, "अरेच्चा." मग रंधा फिरू लागला. लाकडाच्या कुरळ्या साली तिच्या पायाशी येऊन पडत होत्या आणि त्या वासाबरोबर तिचं लहानपण घरभर हिंडत होतं. मधेच अप्पा थांबायचे, परत नजर सोडायचे, परत रंधायचे. "जातच नाहीय पोट," असं पुटपुटायचे. ती सुट्टीचा पेपर वाचत होती. तिला ते सगळं इतकं बरं वाटत होतं, इतकं जागच्या जागी, की आपण काय बघतोय ते तिने बघितलंच नाही. दार परत बसवलं तेव्हा कडी लागली, पण मधोमध बोट जाईल एवढी फट. पलीकडचा दिवा त्या फटीतून उभा दिसायचा. मास्तरीणबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "अप्पा, हे दार आहे की धनुष्य?"

"दार सरळ आहे. तुमची भिंत वाकडी आहे."

"भिंत काल रात्रीत वाकडी झाली होय? इतकी वर्षं सरळ होती ती."

"भिंती अशाच असतात. माणसांसारख्या. वय झालं की कळतं."

"मला बोललात ना ते? कळतं हो मला. मुलांचे कान पिळण्यात जन्म गेला माझा, टोमणा ओळखते मी." आणि मग तिच्याकडे वळून, हळू, "तू तरी सांग गं यांना. ओळंबा लावून बघा म्हणावं."

तिने सांगितलं नाही. अप्पांनी उभ्या आयुष्यात ओळंबा पेटीच्या तळाशीच ठेवला होता. दोरीला वारा लागतो, डोळ्याला लागत नाही, असं ते म्हणायचे, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेली मोठमोठी माणसं त्यांच्या डोळ्यावर पैज लावायची. अशा माणसासमोर मुलीने ओळंबा धरायचा? ती एवढंच म्हणाली, "बाई, भिंत जुनी आहे खरी." मास्तरीणबाईंनी तिच्याकडे बघितलं, रागाने नाही, आणि दाराच्या फटीला एक जाड पडदा लावून टाकला. तेव्हापासून त्या जिन्यात भेटल्या की तिच्याशी बोलायच्या आणि अप्पांशी फक्त मान हलवायच्या.

संगणकाचा पडदा मंद झाला, मग काळा. त्यात तिला स्वतःचा चेहरा दिसला, जरा पुढे झुकलेला. अप्पा बाकी कुठे चुकत नाहीत, असं तिचं मन म्हणत होतं. कप बरोबर उचलतात. जिना उतरतात. पेपरातले मथळे वाचतात, वरच्या मजल्यावरची मुलगी कुठली ओढणी घेऊन गेली ते सांगतात. चुकतं ते फक्त लाकडात. आणि मग तिला एकदम ते दिसलं, म्हणजे आठवणीतच दिसलं, पण लख्ख: फळी धरली की अप्पा डावा डोळा मिटतात. नेहमी डावाच. तिला शिकवतानाही, तिची छोटी पापणी आपल्या खरखरीत अंगठ्याने खाली ओढताना, डावीच ओढायचे. आतला पडदा बिघडला की सरळ रेघ वाकडी दिसते, हे तिने याच कामात कुठेतरी वाचलं होतं. एरवी दोन डोळे उघडे असतात, एकाची चूक दुसरा झाकतो. लाकूड बघताना मात्र एकटा उजवा डोळा उरतो. म्हणून जग सरळ होतं आणि लाकूड तेवढं वाकडं. लाकडाशिवाय दोष देणार कोणाला? त्या ओळीतल्या माणसानेही दारालाच दोष दिला होता, आणि तिने त्याचं म्हणणं खरं मानून त्याला सुतारांच्या रांगेत नेऊन उभं केलं होतं. ज्यांना तपासणीचं नाव माहीत होतं त्यांना तिने मोजलं होतं. ज्यांना तपासणीची गरज होती त्यांना नाव माहीत असण्याचं काही कारणच नव्हतं.

घरी जाताना ती नेहमीसारखी मनात देवाचं नाव घेत चालली होती, पण नाव मधेच सुटत होतं. रस्त्यावरच्या दुकानांच्या चौकटी, दिव्यांचे खांब, पुलाचे कठडे, सगळ्यांची सरळ रेष तिला आज कोणीतरी उसनी दिल्यासारखी वाटत होती. तिने स्वतःचाही एकेक डोळा मिटून पाहिला. खांब सरळ होता. समोरून येणाऱ्या बाईंनी चमकून पाहिलं. आपण डोळा मारला असं त्यांना वाटलं असणार. तिला हसू आलं आणि लगेच रडूही.

संध्याकाळचा उजेड गॅलरीत होता. अप्पा जुन्या स्टुलाच्या पायाला पाचर ठोकत होते. तिने पर्स ठेवली, पाणी प्यायली, आणि त्यांच्याशेजारी खाली बसली.

"अप्पा, एक डोळा मिटा."

"का गं? लहान झालीस होय?"

"मिटा तर. उजवा मिटा. समोरच्या खिडकीचे गज बघा. कसे आहेत?"

"गजासारखे आहेत."

"आता डावा मिटा."

अप्पांनी डावा मिटला. खालच्या रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. त्यांनी परत उजवा मिटला, परत डावा, सावकाश, फळी उलटसुलट करून बघावी तसं. हातोडी त्यांच्या मांडीवर होती, ती त्यांनी उचलून बाजूला ठेवली.

"गज कोणी वाकवले?" ते म्हणाले. विनोद करायला गेले, पण आवाज विनोदापर्यंत पोचला नाही.

"कधीपासून?"

"लाकडात बरेच दिवस दिसतंय. मला वाटलं, लाकूडच आजकाल तसलं येतं." थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे त्या बयेचं दार सरळ होतं."

"हो."

"आणि मी ते रंधलं."

मग तिने तपासणीचं सांगितलं: यंत्रापुढे बसायचं, आतल्या पडद्याचा फोटो काढतात, हात लावत नाहीत, दुखत नाही. इतक्या लोकांच्या इतक्या शंका वाचल्या होत्या की तिला सगळी उत्तरं तोंडपाठ होती. अप्पा ऐकत होते आणि मान हलवत होते, पण ती नकाराची मान होती.

"मी नाही येणार."

"का?"

"बघून काय? काहीतरी सांगतील. मग तू रंधा लपवशील. माझी पेटी वर ठेवशील, आणि मी खुर्चीत बसून खांबांची पोटं मोजत बसेन. राहू दे. आहे तसं चालू दे."

"आहे तसं राहत नाही, अप्पा. वाढतं ते. थांबवता येतं, पण लवकर जावं लागतं."

"तुला कोणी सांगितलं? तू काय डॉक्टरीण आहेस?"

मग तिने ओळीचं सांगितलं. खरं तर ऑफिसातलं घरी बोलायचा तिचा रिवाज नव्हता. पण ती दाराची चौकट तिने अप्पांना शब्दन्‌शब्द म्हणून दाखवली, आणि आपण ती कुठल्या ढिगात टाकली, अहवालात काय लिहिलं, तेही. अप्पा पुढे झुकले. आपल्या डोळ्याबद्दल ऐकताना झुकले नव्हते एवढे.

"मग काय उत्तर मिळालं त्याला?"

"माहीत नाही. बिजागरी सैल असेल, लाकूड फुगलं असेल, असंच काहीतरी मिळालं असणार. दाराबद्दल विचारलं तर दाराचंच सांगतात."

"म्हणजे तो बिजागरी आवळत बसला असेल."

"असेल."

"एखादा रंधा घेऊन बसला असेल." अप्पा स्वतःच्या हातांकडे बघत होते. "किती असतील गं असे?"

"मोजले नाहीत. आम्ही नाव माहीत असलेले तेवढे मोजले."

"आणि वर लिहून पाठवलंत, की लोक शहाणे होतायत."

हे टोचलं. तिने मान खाली घातली. गॅलरीतला उजेड आता कठड्यापर्यंत सरला होता, आणि खाली कोणाच्या तरी घरात कढईत काहीतरी परतल्याचा आवाज येत होता. कामाचा भाव ठरवताना लाकडावरून फिरवायचे तसा अप्पांनी स्टुलाच्या पायावरून अंगठा फिरवला.

"मी येतो," ते शेवटी म्हणाले. "पण एका बोलीवर. तू त्या माणसाचं काहीतरी कर."

"तो कोण ते कळत नाही, अप्पा. कळूच शकत नाही."

"तो नाही तर त्याच्यासारखे. त्यांना त्या ढिगातून बाहेर काढ. तुझ्या त्या मॅडमना सांग की या माणसांना दार दुरुस्त करायचं नाहीय. करशील? मी अर्धं काम कोणाचं ठेवलं नाही, तूही नको ठेवू."

"करीन."

"बघ हं. शब्द दिलास."

"दिला."

तपासणीची खोली अंधारी आणि गार होती. तिथली तंत्रज्ञ मुलगी तरुण होती आणि तिचा आवाज सकाळपासून तेच तेच बोलून गुळगुळीत झाला होता. "आजोबा, हनुवटी इथं टेकवा. कपाळ पुढे. आत हिरवा ठिपका दिसेल, त्याच्याकडे बघा. पापणी हलवू नका." अप्पांनी विचारलं, "हसायचं का?" मुलगी गोंधळली, आणि ती, भिंतीशी उभी असलेली लेक, तोंडावर पदर धरून हसली. आपण त्यांना ती गोष्ट कधी सांगितली होती ते तिला आठवेना. कदाचित सांगितली नसेलच. कदाचित तो प्रश्न सगळ्यांनाच आपापला सुचत असेल.

फोटो म्हणजे फोटोसारखं काही नव्हतंच. काळ्यावर पांढरट, एकावर एक थर, आडव्या कापलेल्या फळीसारखे. डाव्या डोळ्याचे थर शांत होते, मधे जरासा खळगा, तो असायलाच हवा म्हणे. उजव्याच्या थरांखाली मात्र काळसर पाण्याचं एक तळं होतं आणि त्याच्यावर सगळे थर घुमटासारखे उचलले गेले होते. डॉक्टरांनी पेन्सिलीचं टोक तिथे नेलं. आत पाणी झिरपतंय, म्हणाले, वयाने होतं. डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील, ठरावीक दिवसांनी, पुन्हा पुन्हा. "गेलंय ते सगळं परत येईल असं मी म्हणत नाही. पण उरलंय ते राखता येईल. आणखी उशिरा आला असतात तर हेही म्हणता आलं नसतं."

अप्पा त्या चित्राकडे बघत राहिले. "प्लाय फुगलाय," ते म्हणाले.

डॉक्टर हसले. "तसंच समजा."

"फुगलेला प्लाय आम्ही फेकून देतो हो."

"आम्ही फेकत नाही," डॉक्टर म्हणाले.

बाहेर येताना अप्पांनी तिचा हात धरला. जिना नव्हता, गर्दी नव्हती, तरी धरला. त्या हाताच्या खरखरीतपणात तिला लहानपणीची सगळी लाकडं लागत होती. भीती होती, दोघांनाही होती, पण ती आता घरात आलेल्या पाहुण्यासारखी होती: कुठे बसलीय ते तरी माहीत होतं.

पहिलं इंजेक्शन झालं. अप्पा डोळ्यावर प्लास्टिकची वाटी बांधून दिवसभर झोपले, उठल्यावर आरशात बघून म्हणाले, "समुद्रावरचा चाचा दिसतोय मी, लुटारूच." ती ऑफिसात गेली आणि मॅडमसमोर उभी राहिली. तिचा आवाज मुळातच लहान, मॅडमना दोनदा "काय म्हणालीस?" असं विचारावं लागलं. तिने अप्पांचं सांगितलं नाही. ओळी वाचून दाखवल्या फक्त, आणि म्हणाली, की आपण ज्यांना मोजलं ते दवाखान्याच्या दारापर्यंत पोचलेले आहेत; बाकीचे अजून आपल्याच दाराशी झगडतायत. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अगं, प्रत्येक वाकडं दार डोळ्यातलं नसतं. खरंच वाकडी दारं पण असतात जगात."

"असतात. ती वेगळी काढता येतील."

"कोण काढणार? एकेक ओळ वाचावी लागेल. अहवाल गेला, शाबासकी आली, पुढचा विषय सुरू झाला. आता कचरा उपसत बसायचं?"

ती तिथेच उभी राहिली. हट्टाने नाही, तिला परत फिरायचं कसं तेच सुचत नव्हतं. मॅडमनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. "तुला करायचंच आहे?"

"शब्द दिलाय."

"कोणाला?"

"घरी."

मॅडमनी सुस्कारा सोडला. "तुझ्या सुट्टीत कर मग. किल्ली खाली पहारेकऱ्याकडे असते. काही निघालं तर पुरवणी जोडू, माझ्या सहीने. नाही निघालं तर विषय बंद."

सुट्टीच्या दिवशी सकाळी तिचं देवाचं नाव घेऊन झालं, तेव्हा अप्पा गॅलरीत रेडिओ लावून बसले होते. डोळ्यावरची वाटी निघाली होती. पुढच्या इंजेक्शनचा दिवस ठरला होता. गज अजून वाकडेच दिसतात, पण काल होते त्याहून जास्त नाहीत, असं त्यांनी सकाळीच जाहीर केलं होतं, हवामान सांगतात तसं. तिने त्यांचं जेवण झाकून ठेवलं, डोळ्यातल्या थेंबांची बाटली त्यांच्या हाताला लागेल अशी ठेवली. एका फडक्यात दोन पोळ्या गुंडाळून पर्समध्ये टाकल्या. चपला घालताना रेडिओचा आवाज जरा कमी झाला, एवढंच.

जिन्यात मास्तरीणबाई केर काढत होत्या. त्यांनी केरसुणी बाजूला धरून तिला वाट दिली. "आज गं कुठे? सुट्टी ना तुझी?"

"हो. थोडं निवडायचं राहिलंय," ती म्हणाली, आणि कठड्याला हात लावत खाली उतरली.